वर्षअखेरीचे मोटरस्पोर्ट पुरस्कार : कोणाला द्यावेत आणि कशाच्या आधारावर?

सड्यावरचा (धागाकर्ता)

नमस्कार. गुहागर तालुक्यातल्या आमच्या छोट्या मोटरस्पोर्ट क्लबाला यंदा सात वर्षे पूर्ण होतील. पाऊस ओसरून सड्यावरचे, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावरचे, गवत वाळले आणि कातळ उघडा पडला, की ऑक्टोबरअखेरीपासून मे महिन्यापर्यंत आम्ही पाच फेऱ्या घेतो. त्यांपैकी चार ऑटोक्रॉसच्या, म्हणजे आखलेल्या मार्गावर एकेका गाडीने घड्याळाशी लढण्याच्या, असतात, तर पाचवी टीएसडी, म्हणजे वेळ-वेग-अंतर पद्धतीची रॅली, चिपळूणहून निघून कुंभार्ली घाट चढते आणि संध्याकाळी परत खाली उतरते. आजवर प्रत्येक फेरीचे चषक त्याच दिवशी, लाल धुळीने माखलेल्या अंगानेच, टेम्पोच्या फाळक्यावर मांडून दिले जात. त्यात कोणाला काही खटकल्याचे मला आठवत नाही.

यंदा मात्र समितीने वार्षिक पुरस्कार सोहळा घेण्याचे ठरवले आणि एका बैठकीत एकवीस पुरस्कारांची यादी तयार केली. आमच्याकडे नियमित धावणारे चालक चौतीस आहेत. चौतीस जणांत एकवीस चषक वाटायचे, तर मग उरलेल्या तेरा जणांनाही उत्तेजनार्थ देऊन मोकळे व्हावे, असे मी बैठकीत म्हणालो आणि त्याची शिक्षा म्हणून नियमावली लिहिण्याचे काम माझ्याच गळ्यात पडले. वार्षिक विजेता कसा ठरवावा, मतदानाने किंवा निवड समितीने द्यायचे पुरस्कार ठेवावेत की नाहीत, आणि स्टिअरिंग ज्यांच्या हातात नसते त्या मंडळींचे काय करावे, यांवर जाणकारांनी लिहावे ही विनंती.

वाशिष्ठीकाठ

विषय चांगला काढलात. माझ्या मते सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी, ती म्हणजे मोटरस्पोर्टमधले सन्मान दोन जातींचे असतात. काही मोजून मिळतात आणि काही निवडून मिळतात. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट महासंघाच्या डिसेंबरमधल्या वार्षिक सोहळ्यात हे दोन्ही एकाच मंचावर दिसतात. फॉर्म्युला वनचा जगज्जेता हंगामाच्या शेवटच्या शर्यतीतच, किंवा त्याआधीही, अंकांनी ठरलेला असतो, परंतु जगज्जेतेपदाचा चषक त्याला अधिकृतपणे मिळतो तो या सोहळ्यात. त्याच संध्याकाळी ‘वर्षातील व्यक्तिमत्त्व’, ‘वर्षातील नवोदित’ आणि ‘वर्षातील सर्वोत्तम चाल’ असे निवडीचे पुरस्कारही दिले जातात. २०१५ मध्ये हे तिन्ही एकट्या मॅक्स व्हर्स्टॅपनने नेले. चालीचा पुरस्कार बेल्जियममधल्या स्पा येथे ब्लांशिमाँच्या वेगवान वळणावर फेलिपे नासरला बाहेरून मागे टाकल्याबद्दल होता. त्या वर्षी व्हर्स्टॅपनच्या खात्यात शर्यतीतला एकही विजय नव्हता. अंकांच्या वहीत न मावलेली गोष्ट टिपता येणे, हेच निवडीच्या पुरस्काराचे काम आहे.

मोजणीला दया नसते, तशी तिला भीडही नसते. योखेन रिंट सप्टेंबर १९७० मध्ये माँझा येथे सरावादरम्यान मरण पावला, तेव्हा त्याचे ४५ अंक होते. उरलेल्या शर्यतींत जॅकी इक्स ४० पर्यंतच पोहोचू शकला. त्यामुळे जगज्जेतेपद रिंटचेच राहिले आणि चषक त्याच्या पत्नीने, नीनाने, स्वीकारला. तो सहानुभूतीपोटी दिलेला नव्हता, म्हणूनच त्याचे वजन आजही कमी झालेले नाही. तुमच्या वहीतही या दोन जाती वेगवेगळ्या पानांवर लिहा आणि एकमेकींत मिसळू देऊ नका. वार्षिक विजेता ठरवताना ‘वर्तणुकीचे दहा गुण’ वगैरे सरमिसळ झाली, की वर्षभर भांडणे पुरतात.

तिसरा_गिअर

वाशिष्ठीकाठ यांच्याशी सहमत आहे, परंतु ‘मोजून’ हा शब्द वाटतो तितका साधा नाही. काय मोजायचे हे आधी कोणीतरी निवडलेलेच असते.

१९८८ चा फॉर्म्युला वन हंगाम घ्या. सोळा शर्यतींपैकी प्रत्येकाच्या सर्वोत्तम अकरा निकालांचेच अंक धरायचे, असा तेव्हा नियम होता. अलँ प्रोस्टने वर्षभरात एकूण १०५ अंक मिळवले आणि आयर्टन सेनाने ९४. अकरा निकाल धरून हिशेब केला तेव्हा सेनाचे ९० झाले, प्रोस्टचे ८७, आणि जगज्जेता ठरला सेना. सेनाने आठ शर्यती जिंकल्या होत्या आणि प्रोस्टने सात. सातत्याने दुसरा येणाऱ्याला झुकते माप द्यायचे की जिंकणाऱ्याला, हा प्रश्न त्या नियमाने हंगाम सुरू होण्यापूर्वीच निकालात काढलेला होता. निकाल वगळण्याची ही पद्धत १९९० नंतर बंद झाली.

आता हे गुहागरला आणून पाहू. तुमच्या चौतीस जणांपैकी निम्मे तरी चाकरमानी असतील, असा माझा अंदाज आहे. दिवाळीत येतात, शिमग्याला येतात, आंब्याच्या दिवसांत येतात, परंतु जानेवारीतल्या एखाद्या रविवारी विरारहून गाडी काढून सड्यावर पोहोचणे त्यांना जमत नाही. पाचही फेऱ्यांचे अंक धरलेत तर वार्षिक चषक कायम गावात राहणाऱ्याचाच होणार, आणि तो वेगापेक्षा हजेरीचा चषक ठरणार. पाचपैकी सर्वोत्तम तीन धरलेत तर मुंबईकरालाही संधी राहील. कोणता नियम बरा, हे मी सांगणार नाही. तो पहिल्या फेरीपूर्वी लिहून लावा, एवढेच सांगेन.

सड्यावरचा

चाकरमान्यांचा अंदाज अचूक आहे. चौतीसपैकी एकोणीस जण मुंबई, ठाणे आणि पुण्याचे आहेत. तीन की चार यावर समितीत दोन तट पडणार, हे मला आत्ताच दिसते आहे.

काजूगर

मी जरा कडू लिहितो, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

पहिली गोष्ट गटांची. आमच्या बाजूच्या एका आयोजकाने सीसीनुसार, इंधनानुसार आणि चालकाच्या वयानुसार इतके गट पाडले होते, की एका गटात तीनच गाड्या उतरल्या आणि तिघांनाही चषक मिळाले. त्यांतली एक गाडी दुसऱ्याच वळणावर बंद पडून ढकलत बाहेर काढावी लागली होती. तिच्या मालकाच्या घरात आज ‘तृतीय क्रमांक’ दिमाखात उभा आहे. मोठ्या खेळातही असे घडते, हे मी जाणतो. २००५ साली इंडियानापोलिसला टायरच्या वादामुळे मिशेलिन टायरवाल्या चौदा गाड्या शर्यत सुरू होण्याआधीच्या फॉर्मेशन फेरीनंतर पिटमध्ये वळल्या, सहाच गाड्यांनी शर्यत केली आणि आपला नारायण कार्तिकेयन चौथा आला. त्याचे पाच अंक नियमाप्रमाणे पूर्ण धरले गेले आणि ते योग्यच होते, कारण तो शर्यत पूर्ण करत होता व बाकीचे नव्हते. परंतु तो अपवादाचा दिवस होता, आणि तुम्ही दर फेरीला अपवाद घडवू नका. गटात किमान पाच गाड्या सुरुवातीच्या रेषेवर उभ्या असतील, तरच त्या गटाला अंक द्या.

याचा अर्थ गट नकोत असा नाही. हरिथ नोआने २०२४ च्या डकार रॅलीत रॅली २ गट जिंकला आणि एकूण क्रमवारीत तो अकरावा होता. तिथल्या गटविजयाला कोणी दुय्यम म्हणणार नाही, कारण त्या गटात गर्दी होती.

दुसरी गोष्ट मतदानाची. लंडनच्या ऑटोस्पोर्ट नियतकालिकाच्या पुरस्कारांत वाचकांची मते घेतात आणि ते तिथे शोभते, कारण वाचक जगभर पसरलेले आहेत. तुमच्याकडे मतदान ठेवलेत तर ज्याची वाडी मोठी तो दरवर्षी ‘लोकप्रिय चालक’ होईल. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत जे व्हायचे ते होऊ द्या, सड्यावर ते आणू नका.

शेजारचीसीट

मी गेली अकरा वर्षे नॅव्हिगेटर म्हणून बसते, तेव्हा धागाकर्त्यांच्या तिसऱ्या प्रश्नावर लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे, असे समजते.

काही वर्षांपूर्वी एका टीएसडी रॅलीत आमची जोडी गटात पहिली आली. आयोजकांचे नाव लिहीत नाही. बक्षीस समारंभात एकच चषक आणला होता आणि पट्टीवर एकच नाव होते. ते माझे नव्हते. माझ्या चालकाने संकोचून चषक माझ्या हातात दिला, फोटो काढणाऱ्याने ‘ताई, जरा बाजूला व्हा’ असे सांगितले आणि मी बाजूला झाले.

ज्यांनी टीएसडी केलेली नाही त्यांच्यासाठी लिहिते. त्या रॅलीत भरधाव जाणारा जिंकत नाही. रोडबुकात, म्हणजे वाटेच्या वहीत, प्रत्येक वळणाची ट्यूलिप आकृती (दिशा दाखवणारे छोटे चित्र) असते, दोन खुणांमधले अंतर मीटरपर्यंत दिलेले असते आणि टप्प्याटप्प्याला ताशी ३२, मग ३८, मग घाटात २७ अशी सरासरी राखायची असते. गुप्त टाइम कंट्रोल, म्हणजे वेळ नोंदवणारे ठाणे, कुठल्या वळणामागे बसले आहे, हे कोणालाच ठाऊक नसते, आणि उशिरापेक्षा लवकर पोहोचण्याचा दंड जास्त असतो. सकाळी आयोजकांच्या मोजणी पट्ट्यावर आपल्या गाडीचा ओडोमीटर किती चुकतो ते काढायचे, दर किलोमीटरला ती चूक मनात धरायची आणि ‘चार सेकंद मागे आहोत, वाढव, आता दोन पुढे आहोत, सोड’ असे दिवसभर सांगत राहायचे, हे काम शेजारच्या सीटवरचे असते. चालक त्यात माझ्या घड्याळाप्रमाणे पाय दाबतो. मग पहिला कोण आला?

जागतिक रॅलीने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. तिथे को-ड्रायव्हरचे स्वतंत्र जगज्जेतेपद असते. सेबास्तियँ लोबने २००४ ते २०१२ अशी सलग नऊ जगज्जेतेपदे मिळवली, आणि त्याच्या शेजारी बसलेल्या दानियल एलेनाच्या नावावरही तितकीच नऊ आहेत. आपल्याकडे गौरव गिल यांना २०१९ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. मोटरस्पोर्टला मिळालेला तो पहिलाच अर्जुन होता आणि आम्हा सर्वांना त्याचा अतिशय आनंद झाला. त्यांनी आशिया-पॅसिफिक रॅली अजिंक्यपद २०१३, २०१६ आणि २०१७ असे तीनदा जिंकले होते. परंतु राष्ट्रीय पुरस्कारांच्या मांडणीत शेजारच्या सीटसाठी रकाना नाही. तुमच्या मांडणीत तो असू द्या. जोडीला दोन चषक, एकाच उंचीचे.

घड्याळजी

शेजारचीसीट, आपला प्रतिसाद वाचून राहवले नाही. मी आमच्याकडच्या शर्यतींत वेळ नोंदवतो. निवृत्त शिक्षक आहे, गाडी चालवत नाही आणि मला तिची फारशी हौसही नाही. मला सेकंदाची हौस आहे.

ऑटोक्रॉसमध्ये एका वेळी एकच गाडी धावते आणि तिची लढत घड्याळाशी असते. मार्ग आखणारा कोन, म्हणजे प्लास्टिकचा शंकू, पाडला की दंडाचे सेकंद वाढतात आणि मार्ग चुकला तर फेरी बाद होते. हे कोन कोण मोजतो? भर एप्रिलमध्ये, जिथे जांभ्यावर पाय ठेवला तरी चपलेतून भाजते, तिथे टोपीवर ओला पंचा टाकून उभी राहिलेली कॉलेजची मुले. मागच्या वर्षी अशाच एका मार्शलने, म्हणजे मार्गावरच्या स्वयंसेवक अधिकाऱ्याने, स्वतःच्या सख्ख्या काकांचा कोन मोजला. गाडीचे मागचे चाक कोनाला जेमतेम घासले होते, कोन पडला नव्हता, पण खडूने आखलेल्या चौकोनाबाहेर गेला होता, आणि नियमात ‘चौकोनाबाहेर’ असेच लिहिलेले होते. काकांचा पहिला क्रमांक त्या पाच सेकंदांत गेला. संध्याकाळी घरी काय झाले असेल ते असो, परंतु त्या मुलाने निशाण वर केले ते केलेच. एफआयए दरवर्षी उत्कृष्ट अधिकाऱ्याचा सन्मान करते आणि मार्शलांचाही करते. जगभर हे काम मुख्यतः स्वयंसेवकच करत असतात. मला विचाराल तर तुमच्या एकवीसमधून वीस कापा आणि उरलेला एक त्या मुलाला द्या. अर्थात हे मत पक्षपाती आहे.

वाशिष्ठीकाठ

घड्याळजी सर, आपल्या मार्शलवरून १९५८ ची गोष्ट आठवली. पोर्तुगालच्या शर्यतीत माइक हॉथॉर्नची गाडी अखेरच्या फेरीत बंद पडली आणि ती पुन्हा सुरू करताना तो शर्यतीच्या उलट दिशेने गेला, म्हणून त्याला बाद करण्याचे चालले होते. तेव्हा त्याचाच प्रतिस्पर्धी स्टर्लिंग मॉस याने अधिकाऱ्यांसमोर साक्ष दिली, की हॉथॉर्न मुख्य रस्त्यावर नव्हता, कडेने जात होता. दुसरा क्रमांक हॉथॉर्नकडेच राहिला. हंगामाच्या शेवटी हॉथॉर्नचे ४२ अंक झाले आणि मॉसचे ४१. मॉसने त्या वर्षी चार शर्यती जिंकल्या होत्या, हॉथॉर्नने एक. मॉस पुढे कधीच जगज्जेता झाला नाही. हॉथॉर्न जानेवारी १९५९ मध्ये रस्त्यावरील अपघातात गेला आणि त्याच्या नावाचा स्मृतिचषक त्याच वर्षापासून सुरू झाला.

मोजणीच्या पानावर मॉसचा एक अंक कमीच राहणार, आणि तो तसा राहिलाच पाहिजे. निवडीचे पान आहे ते अशांसाठी. खिलाडूवृत्तीचा पुरस्कार ठेवायचा असेल तर त्याला एक अट घाला : शिफारस प्रतिस्पर्ध्यानेच करावी, आणि घडलेला प्रसंग लेखी द्यावा. ‘स्वभावाने चांगला आहे’ ही शिफारस धरू नका. कोकणात स्वभावाने चांगला नाही असे तोंडावर कोणी लिहून देत नाही.

तिसरा_गिअर

नवोदितांबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून पुन्हा आलो. इथे मात्र चषकापेक्षा दुसरे काही द्यावे, असे मला वाटते. ऑटोस्पोर्ट आणि बीआरडीसी, म्हणजे ब्रिटिश शर्यतचालकांचा क्लब, यांनी १९८९ पासून तरुण चालकांसाठी जो पुरस्कार चालवला, त्यात अंतिम फेरीतल्या मुलांना एकसारख्या गाड्यांत बसवून परीक्षक पारखतात आणि विजेत्याला फॉर्म्युला वन गाडीत चाचणीची संधी मिळते. पहिला विजेता डेव्हिड कुल्टहार्ड होता. पुढे १९९८ मध्ये जेन्सन बटन, २०१४ मध्ये जॉर्ज रसेल आणि २०१६ मध्ये लँडो नॉरिस. या यादीचे मोल बक्षिसाच्या स्वरूपात आहे, कारण तिथे बक्षीस म्हणजे पुढची पायरी असते.

याच ऑटोस्पोर्ट सोहळ्यात १९९५ साली दहा वर्षांचा एक कार्टिंग विजेता मॅक्लारेनच्या रॉन डेनिस यांच्यासमोर वही घेऊन उभा राहिला आणि एक दिवस तुमची गाडी चालवायची आहे, असे त्याने त्यांना सांगितले. नऊ वर्षांनी फोन कर, असे त्यांनी वहीत लिहून दिले. प्रत्यक्षात तीनच वर्षांनी मॅक्लारेनने लुईस हॅमिल्टनला करारबद्ध केले. पुरस्कार सोहळ्यात लहान मुलांना मागच्या रांगेत बसवू नये, एवढे तरी यातून घ्यावे. तुमच्या नवोदिताला पुढच्या हंगामाचे प्रवेश शुल्क, मोटरस्पोर्ट महासंघाच्या परवान्याचा खर्च आणि चार टायर दिलेत, तरी तो धावेल. आणि नवोदित ‘ती’ही असू शकते, हे नियमावलीच्या भाषेत दिसू द्या. २०१९ मध्ये ऐश्वर्या पिस्सेने एफआयएम या मोटरसायकल महासंघाच्या बाहा (खडतर रानवाटांवरच्या रॅली) विश्वचषकात महिलांचे विजेतेपद ६५ अंकांनी मिळवले, दुसरीपेक्षा चार अंक पुढे राहून.

काजूगर

टायरच्या सूचनेला माझे अनुमोदन, आणि चषकांच्या धातूबद्दल एक व्यावहारिक सूचना. बाजारात मिळणारे सोनेरी मुलाम्याचे चषक समुद्रकाठी दोन पावसाळे टिकत नाहीत. खारी हवा लागली की आधी कड काळवंडते, मग मुलाम्याचे पापुद्रे सुटतात. पितळी घेतलेत तर ते हिरवे पडते. माझ्याकडे तीन आहेत आणि तिन्ही आता माळ्यावर आहेत. सावंतवाडीच्या चितार आळीत लाखकाम करणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडून कातलेल्या लाकडाची, लाखेने रंगवलेली चाके करून घ्या. पंगाऱ्याचे लाकूड हलके असते आणि त्यावर रंगही चांगला धरतो. खर्च मुलाम्याच्या चषकाइतकाच येईल की नाही, ते तिथे विचारूनच ठरवा, पण आजोबांनी आणलेल्या खेळण्यासारखी ती वस्तू घरात खाली राहील, माळ्यावर जाणार नाही.

वाशिष्ठीकाठ

सोहळ्याच्या तारखेबद्दलही बोलून घेऊ. फॉर्म्युला वनच्या नियमांत अंकतालिकेतल्या पहिल्या तिघांना एफआयएच्या सोहळ्याला हजर राहणे बंधनकारक आहे, आणि तरीही २०२१ मध्ये अबू धाबीतल्या शेवटच्या शर्यतीच्या वादानंतर अंकतालिकेत दुसरा आलेला हॅमिल्टन पॅरिसला गेला नाही. तो सोहळा १६ डिसेंबरला झाला. गंमत म्हणजे त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींना पुन्हा परवानगी दिली होती, त्यामुळे आपल्याकडे त्या दिवशी गुलाल कशासाठी उडत होता हे पॅरिसला कळले नसते. सांगायचा मुद्दा असा, की जिथे नियमाने बांधलेले लोकही येत नाहीत, तिथे तुमचे एकोणीस चाकरमानी त्यांच्या सोयीचीच तारीख पाहणार. मे महिन्याचा दुसरा शनिवार ठेवा. गणपतीत घेऊ नका. तेव्हा आरतीची वेळ आणि भाषणांची वेळ एकच येते.

सड्यावरचा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री समितीची बैठक झाली. साडेनऊला सुरू झालेली पावणेबाराला संपली. जे ठरले ते लिहितो.

एकवीसवरून आम्ही सातवर आलो आहोत. वार्षिक चालक आणि वार्षिक नॅव्हिगेटर यांची अंकतालिका वेगळी असेल आणि चषक एकाच मापाचे असतील. चालकाचे पाचपैकी सर्वोत्तम चार निकाल धरले जातील. तीनसाठी मी बराच भांडलो, परंतु गावातल्या मंडळींचे म्हणणे असे पडले, की जानेवारीत कोन लावायलाही तेच येतात, आणि त्यावर मला उत्तर सुचले नाही. पाचपेक्षा कमी गाड्या असलेल्या गटाला अंक नाहीत. मतदान नाही. मार्शलचा पुरस्कार चालकांनी नव्हे, तर वेळ नोंदवणाऱ्यांनी ठरवायचा आहे. खिलाडूवृत्तीचा पुरस्कार प्रतिस्पर्ध्याच्या लेखी शिफारशीवर मिळेल, आणि योग्य शिफारस आली नाही तर त्या वर्षी तो दिला जाणार नाही. नवोदिताला शुल्क आणि दोन टायर. चार परवडत नाहीत.

एक मुद्दा सुटलेला नाही. तीन देणगीदारांना आपापल्या वडिलांच्या नावाचे स्मृतिचषक हवे आहेत आणि तिघांपैकी कोणाचेच वडील कधी शर्यतीत उतरले नव्हते.

वाशिष्ठीकाठ

इटलीचा फॉर्म्युला वन चालक लोरेन्झो बांदिनी १९६७ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीतल्या अपघातात गेला आणि त्याच्या ब्रिसिगेल्ला गावाने त्याच्या नावाचा चषक सुरू केला १९९२ मध्ये. देणगीदारांना पंचवीस वर्षे थांबायला सांगता येईल. नाहीतर चहापाण्याच्या मंडपाला तिघांची नावे द्या.

शेजारचीसीट

मंडपाची कल्पना उत्तम आहे. सड्यावरचा, सावंतवाडीची चाके ठरली असतील तर एक विनंती आहे. नावाची पट्टी चिकटवू नका. पावसाळ्यातल्या दमट हवेत गोंद सुटतो आणि जूनमध्ये लावलेले नाव गणपतीपर्यंत खाली पडते. माझ्या कपाटात अशी दोन बिननावाची बक्षिसे आहेत आणि कोणते कुठल्या रॅलीचे, ते मलाच आता आठवत नाही. कारागिरालाच सांगून नाव लाखेखाली लिहून घ्या.

सड्यावरचा

नोंद केली. आता अडचण एवढीच, की नावे शेवटच्या फेरीनंतर कळणार आणि लाख चढवायला कारागीर पंधरा दिवस मागतो. म्हणजे शेवटची फेरी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आणावी लागेल. घड्याळजी सर, त्या रविवारी आपण मोकळे आहात का?

घड्याळजी

मोकळा आहे. छत्री आणि पंचा घेऊन येईन.